इटालियन मंगलाष्टक

पहिल्या दिवशी सरांनी मला सतरंजीवर उताणं झोपायला लावलं आणि माझ्या पोटावर सोललेला नारळ ठेवला. मी भजन शिकायला आले होते. आईने पाठवलं होतं. भजन शीक, म्हणजे घरात निदान सुरात ओरडशील, असं ती म्हणाली, आणि चिंचपोकळीच्या आमच्या बिल्डिंगमधली माझ्या आवाजाची ख्याती बघता तिचं काही चुकलं नव्हतं. माझ्या डावीकडे एक मालवणी मावशी आडव्या झालेल्या, उजवीकडे एक रिटायर्ड हेडक्लार्क. तिघांच्या पोटावर तीन नारळ. दारातून कोणी डोकावलं असतं तर त्याला वाटलं असतं, यांचा आता बळी देणार.

सर वरून म्हणाले, श्वास पोटातून घ्यायचा, नारळ हलला पाहिजे, खांदा नाही. मी जोरात श्वास घेतला. नारळ गडगडत गेला आणि हेडक्लार्कांच्या कानावर आपटला. त्यांनी तो न बघताच माझ्याकडे परत ढकलला. बरीच वर्षं येत होते, सवय झाली होती. क्लास सुटल्यावर काकू, म्हणजे सरांची बायको, आतून आल्या, तिन्ही नारळ कानाशी हलवून बघितले आणि एक आमटीला घेऊन गेल्या.

क्लास परळला, तळमजल्यावरच्या दीड खोलीत. बाहेर पाटी होती, ‘सुगम, नाट्य, भक्ती व इटालियन संगीत’. लोक पहिल्या तिन्हींसाठी यायचे आणि चौथ्यात अडकायचे. कारण सरांच्या मते गळा तयार करायला जगात एकच औषध होतं. एका इटालियन ऑपेरातलं एक युगुलगीत. ऑपेरा म्हणजे आपलं संगीत नाटकच, फक्त त्यात मध्ये साधं बोलायची सोय नाही, चहा मागायचा तरी गाऊन मागायचा. तर सर्दी झाली, हे युगुलगीत म्हण. ऑफिसात भांडण झालं, हे म्हण. मावशींचे गुडघे दुखायचे, त्यांनाही सरांनी हेच दिलं होतं.

इटालियन कोणालाच येत नव्हतं. सरांनाही नाही. शब्द पाठ होते आणि अर्थ त्यांच्या मास्तरांनी सांगितला होता तेवढा माहीत होता. तेवढ्यावर अडलं तर ते हात हवेत फिरवायचे आणि म्हणायचे, इथे भावना आहे.

गोष्ट मात्र ते झकास सांगायचे. समजा चाळ आहे, सगळ्यात वरचा मजला, कडाक्याची थंडी. निम्मा क्लास इथेच अडायचा, कारण परळमध्ये कडाक्याची थंडी बघितलीय कोणी? खोलीत एक कफल्लक कवी. शेजारची मुलगी येते, माझी मेणबत्ती विझली, जरा पेटवून द्या म्हणते. जाताना तिची चावी पडते, वाऱ्याने सगळे दिवे विझतात, आणि दोघं अंधारात जमिनीवर चाचपडत चावी शोधायला लागतात. कवीला ती सापडते. तो गुपचूप खिशात घालतो आणि शोधायचं सोंग करत करत तिचा हात धरतो. मग दोघं आपापली हकीकत सांगतात, मग चांदणं येतं आणि मग हे गाणं.

मावशींनी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पोटावरचा नारळ उचलून बाजूला ठेवला.

“मेल्यान् चावी खिशात घातल्यान् आणि वर गाणी म्हणता?”

सर म्हणाले, मावशी, ते प्रेम आहे. मावशी म्हणाल्या, पोलीस चौकीत तेका येगळा नाव आसा.

सर उंच, हडकुळे, आणि मान अशी लांब की शर्टाचं वरचं बटण लावलं तरी आत हवा खेळायची. आयुष्यभर बॅलार्ड पिअरला एका शिपिंग एजंटकडे कारकुनी केली. खिशात कायम खडीसाखर. ती ते पोरांना द्यायचे, पोलिसांना द्यायचे, एकदा तिकीट तपासनिसालाही दिली. सकाळी अकराच्या आत तोंडातून शब्द काढायचे नाहीत, कारण घसा उठलेला नसतो. दूधवाला, पेपरवाला, सगळ्यांशी हातवारे. एका सकाळी शेजारच्या घरातून गॅसचा वास यायला लागला, तर सर त्यांच्या दारात उभे राहून दोन्ही हात वर फेकताहेत, नाक दाबताहेत, छाती पिटताहेत. शेजारीण म्हणाली, आज इटालियन लवकर सुरू झालं वाटतं, आणि दार लावून घेतलं. शेवटी काकूंनी जाऊन सांगितलं.

आणि हिंदमाताच्या साडीबाजारातलं तर मी कोणाला सांगितलेलं नाही. धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला मी काकूंना घेऊन गेले होते, सर मागे लागून आले. दुकानात शिरले, चारी भिंतींवरच्या साड्यांकडे बघितलं आणि त्यांचे डोळे चमकले. कापड आवाज खातं, असं त्यांचं एक शास्त्र होतं. जो आवाज साडीच्या दुकानात जगला तो कुठेही जगेल. तिथेच, गादीवर, दोन गिऱ्हाईक बायका आणि एक आख्खं भावी सासर बसलेलं असताना, सरांनी तो इटालियन कवी सुरू केला. सेल्समन बिचारा हातात उघडलेली पैठणी घेऊन थिजला. मालक गल्ल्यावरून उठून आला, त्याला वाटलं म्हाताऱ्याला झटका आला. त्याने पाणी आणवलं. सरांनी ते पिऊन दुसरं कडवं घेतलं.

मला त्यांचा राग यायचा. आणि माझा त्यांच्यावर जीव होता. दोन्ही एकदम असू शकतं हे मला त्या क्लासात कळलं, गाणं फारसं कळलं नाही.

आता सर गात नाहीत. स्वरयंत्रावर गाठ आली, ती काढली, तिच्याबरोबर आवाजही गेला. बोलतात, पण मिक्सरमध्ये सुपारी घातल्यासारखं. क्लास चालू आहे. मी सांगतेय ते ऑपरेशनच्या आधीच्या दोन महिन्यांचं.

पण त्याला काकूंपासून सुरुवात करायला पाहिजे. काकू गिरगावातल्या, चांगल्या शिकलेल्या घरातल्या, ठेंगण्या, गोऱ्या, जिभेला धार. सरांशी त्या दिवसभर बोलायच्या. डाळ, डास, भाचे, निवडणूक, समोरच्या टॉवरने अडवलेलं ऊन, विषयाला तोटा नव्हता. फक्त गाण्याबद्दल एक अक्षर नाही. बाहेर आम्ही पोटावर नारळ घेऊन किंचाळतोय आणि काकू आत शांतपणे भाजी निवडताहेत. आम्ही चांगलं गायलो तरी नाही, वाईट गायलो तरी नाही. वाईट गाण्यावर मत न देणारी मराठी बाई मी दुसरी बघितलेली नाही. मला वाटायचं, त्यांना गाण्याचा कानच नाही.

डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी सरांनी क्लास घेतला, नेहमीसारखा. नंतर मला थांबवून म्हणाले, बोलता येईल, गाता यायचं नाही. सोमवारची तारीख मिळालीय, दोन महिन्यांनी. मग खडीसाखरेचा खडा तोंडात टाकला आणि म्हणाले, “एकदा ते सबंध म्हणायचंय. स्टेजवर, लोकांसमोर. हिच्याबरोबर.”

मी विचारलं, हिच्याबरोबर म्हणजे कोणाबरोबर? त्यांनी मानेने स्वयंपाकघराकडे खूण केली. मी उडालेच.

आधी स्टेजची सोय बघितली. लालबागच्या मंडळाने सांगितलं, आमच्याकडे ऑर्केस्ट्रा असतो, मधे दहा मिनिटं जादूगार, जागा नाही. ज्येष्ठ नागरिक संघ म्हणाला, इटालियन चालेल पण भक्तिगीत पाहिजे. सर दोन दिवस विचारात होते, त्यात एखादा देव बसतो का म्हणून. मग मलाच सुचलं, आणि माझ्या मेल्या तोंडातून निघून गेलं. धाकटीचं लग्न ऑपरेशनच्या आदल्या रविवारीच होतं, दादरला. मंगलाष्टकं.

विचार करा. मुंबईत हक्काचे श्रोते फक्त मंगलाष्टकाला मिळतात. मुठीत अक्षता, त्यामुळे टाळ्या नाहीत आणि हूटिंगही नाही. उठून जाता येत नाही, जेवण त्याच्या पुढे असतं. कोणीही उठावं, माईक धरावा आणि स्वतः जुळवलेलं कडवं कुठल्याही सुरात म्हणावं, अडवणारा जन्माला यायचाय. आमची आत्या प्रत्येक लग्नात म्हणते, आणि तिच्या वेळी नवरदेव अंतरपाटाआडून खाली बसल्याचं मी स्वतः बघितलंय. तिथे सर आणि काकू म्हणजे पर्वणी.

सरांनी त्याच चालीत मराठी शब्द बसवायला घेतले. आता मंगलाष्टक म्हटलं की दोन्हीकडच्या आजोबांची नावं आलीच पाहिजेत, नाही आली तर पुढची दहा वर्षं त्या घरात तेच पुरतं. तर मूळ गाण्यात जिथे तो कवी चांदण्यात तिचा चेहरा बघून वितळतो, तिथे बरोबर नवऱ्याकडच्या आजोबांचं संपूर्ण नाव बसलं, गावासकट. आणि अगदी शेवटी, जिथे सूर आभाळाला टेकतो, तिथे ‘शुभमंगल सावधान’. तो वरचा सूर ‘सावधान’च्या ‘धा’वर.

आई मात्र बिथरली. मावशींनी तिला कळवलं होतं की त्या नाटकातली ती मुलगी शेवटी खोकून खोकून मरते. हे असलं माझ्या मुलीच्या लग्नात नको, असं आईने सरांना घरी बोलावून तोंडावर सांगितलं. सर चहा पीत होते. कप खाली ठेवून म्हणाले, “ती चौथ्या अंकात जाते. आपण पहिल्याच अंकात थांबतोय.” धाकटी म्हणाली, आई, आत्यापेक्षा वाईट काय होणारे? आईने सरांच्या कपात आणखी चहा ओतला.

राहिल्या काकू. मी गेले तेव्हा त्या विळीवर नारळ खवत होत्या. मी सगळं सांगून टाकलं. त्या खवत राहिल्या. कवड संपली, दुसरी घेतली, मग बोलल्या.

गिरगावात ठाकूरद्वारजवळ एक गोवेकर मास्तर होते, त्यांचं गाण्याचं पथक होतं. चर्चमधली मुलं असायचीच, शिवाय गळा असेल तो कोणीही. काकू तिथे जायच्या. सर तिथे आले ते ऑफिसातल्या मित्राबरोबर, खांबासारखे मागे उभे राहायचे. मास्तरांनी दोघांना हे युगुलगीत दिलं. ते बसवता बसवता दोघांचं जमलं, आणि गिरगावच्या घरात जेवढा व्हायला पाहिजे तेवढा तमाशा होऊन लग्न झालं. लग्नानंतर लगेच नाताळात पथकाचा कार्यक्रम होता.

“शेवटचा सूर बाईचा असतो,” काकू म्हणाल्या. “ती वर जाते. त्याने खाली राहायचं, तिला आधार द्यायचा. मास्तरांनी शंभरदा बजावलं होतं. ह्यांना वर जाता येत होतं. गेले. माझ्या सुरावर चढले आणि झाकून टाकला मला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, ह्यांच्यासाठी. खाली उतरल्यावर मला विचारतात, कसा लागला?”

मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात?

“काय म्हणणार? छान लागला म्हटलं. आणि नंतर गायलेच नाही.”

यावर ते कधी काही बोललेत का, असं मी विचारलं. काकू म्हणाल्या, त्यांना माहीत तरी आहे की नाही देव जाणे. मग खोबरं ताटात झटकून म्हणाल्या, गाईन मी. घसा जाणार आहे त्यांचा, नाही कशी म्हणू. पण तुला आत्ताच सांगून ठेवते, जाणार ते वरच.

तालमी सुरू झाल्या आणि माझी झोप उडाली. काकूंनी पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा हेडक्लार्क पेटी वाजवायचे थांबले. पन्नास-साठ नारळांनी आम्हाला जे आलं नव्हतं ते त्या बाईला पोळ्या लाटून आल्यासारखं येत होतं. पण दर तालमीला शेवटची ओळ आली की काकू थांबायच्या. पुढचं तिथे बघू, म्हणायच्या. आणि सर एकटेच वर चढायचे, दर वेळी, मान आणखी लांब करून. आता तो सूर चिरकत होता, खाली आल्यावर त्यांना खोकला यायचा, तरी चढायचे. मला वाटायचं, उठून त्यांच्या तोंडावर हात ठेवावा. मग वाटायचं, शेवटचाच तर आहे, जाऊ दे की माणसाला. कोणाची बाजू घ्यावी तेच कळेना. काकूंचा सूर एकदा गेलेला, सरांचा सोमवारी जाणार, आणि सूर एकच.

रविवारी हॉल गच्च भरला. गुरुजींची मंगलाष्टकं झाली, आत्याचं झालं, नवरदेव अजून उभा होता. गुरुजी घड्याळ दाखवत होते. सर आणि काकू माईकसमोर आले, काकू निळ्या नारायणपेठी साडीत, सर कोटात. अंतरपाट आमच्या मामाने आणि नवऱ्याकडच्या एका काकाने धरला होता.

हेडक्लार्कांनी पेटीवर सूर दिला आणि सरांनी सुरुवात केली. हॉलमध्ये आधी कुजबुज झाली, हे कुठलं वृत्त म्हणून. कोणीतरी हसलं. मग काकू आल्या आणि हसणं थांबलं. मोबाईल वर झाले. नवऱ्याच्या आजोबांना गाण्यात स्वतःचं नाव ऐकू आलं तसे ते खुर्चीत ताठ झाले. सरांचा आवाज फाटका होता, पण त्या फाटक्या आवाजात ते काकूंकडे असे बघत होते की मी नजर वळवली. ज्या दिवशी बहिणीचं लग्न आहे त्या दिवशी दुसऱ्याच कोणाकडे बघून रडू यावं, हे मला आवडलं नाही, पण आलं.

मामाचा हात भरून आला, अंतरपाट इतका खाली आला की धाकटी आणि नवरा एकमेकांना बघून घ्यायला लागले. आणि शेवटची ओळ आली. शुभमंगल. साव. सरांनी मान उचलली. काकूंनी डोळे मिटले.

दोघंही खालीच राहिले.

‘धा’वर दोघांचा एकच खालचा सूर, गुणगुणल्यासारखा. काकूंनी दचकून डोळे उघडले. सर त्यांच्याकडे बघताहेत, त्या सरांकडे. तो तिची वाट बघतोय, ती त्याची. सूर तसाच ओढत राहिले, दोघांचा श्वास संपेपर्यंत, आणि वरची जागा तशीच रिकामी राहिली. हॉलला काही कळलंच नाही की संपलं. हजार लोक मुठी वळून उभे, अक्षता कोणी टाकेना. शेवटी गुरुजींनीच खाकरून ‘सावधान’ म्हटलं, मामाने सुटलो म्हणून अंतरपाट सोडला, आणि बँड सुरू झाला.

मी त्या दोघांना पंगतीत गाठलं. शेजारी शेजारी बसले होते, पानं वाढलेली, घास कोणीच उचललेला नाही. मी समोर बसले. काकूंनी पानाकडे बघत विचारलं, “तुम्ही का नाही गेलात वर?”

तू का नाही गेलीस, असं सरांनी विचारलं.

काकू म्हणाल्या, “तुमच्यासाठी सोडला होता. उद्यापासून तुम्हाला मिळायचा नव्हता म्हणून.”

सरांनी मिठाची रेघ बोटाने सरळ केली. मग म्हणाले, “तो तुझा होता. मी तेव्हा घेतला तुझा. मला तेव्हाच कळलं होतं.”

बाजूने मसालेभात गेला, आमच्याकडे कोणी बघितलं नाही. काकूंचा चेहरा लालबुंद झाला. मला वाटलं, आता रडणार. काकू कसल्या रडताहेत.

“एवढं एक वाक्य बोलायला घसा कापायची वेळ यावी लागली होय हो तुम्हाला?”

सरांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते त्यांनी पुसलं नाही. काकूंनी पाण्याचा घोट घेतला, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, लावा खालचा. सर म्हणाले, इथे? मग कुठे, काकू म्हणाल्या, ऑपरेशन थिएटरात?

सरांनी सूर लावला, हळू, पानावर बसल्या बसल्या. आणि काकू वर गेल्या. सगळ्यात वर, जिथे त्या मुलीने जायचं असतं तिथे, इतकी वर्षं न गेलेल्या त्या जागी. मी खोटं सांगणार नाही, सूर थोडा थरथरला आणि शेवटी कडेला फाटला. पण खालून सर तो धरून होते, आणि ते हलले नाहीत, एक कणभरही वर चढले नाहीत. पुऱ्यांची परात घेतलेला वाढपी होता तिथे थांबला. पलीकडच्या रांगेत मावशी जिलबी हातात धरून बसल्या होत्या, चावीबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत.

सूर संपला. काकूंनी घसा साफ केला, सरांच्या पानात स्वतःच्या पानातली पुरी ठेवली आणि म्हणाल्या, “आता नीट जेवून घ्या. उद्यापासून पेज आहे.”